लस टोचली तरी खुरकूत का येते?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांचा खिलार बैल तीन दिवस गव्हाणीला तोंड लावेना, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मी बॅटरी धरली अन् डॉक्टरांनी जीभ ओढली तर वरची साल सुटून हातातच आली, खाली सगळं लालभडक. पुढचे पाय एकेक करून झटकत होता बिचारा. कानात बिल्ला, लस टोचलेली. काका तिथंच म्हणाले, आता लसवाल्यांना दारात उभं करणार नाही. ते ऐकल्यापासून चैन नाही म्हणून लिहितोय.

खुरकूत आपण एकच आजार समजतो, पण तिच्या व्हायरसचे ७ प्रकार आहेत अन् एका प्रकारची लस दुसऱ्याला अडवत नाही. आपल्या देशात ओ, ए आणि एशिया १ फिरतात म्हणून आपल्या लसीत हेच तीन. त्यात हा व्हायरस आरएनएचा, नक्कल होताना चुका होतात आणि त्या दुरुस्त होत नाहीत, म्हणून ओ मधेच नवनवीन फांद्या फुटत राहतात, अन् लसीतला ओ आणि बाजारातून आलेला ओ यांच्यात फार अंतर पडलं की टोचलेलं जनावरही आजारी पडतं. दरवेळी हेच कारण असतं असं नाही. लस बर्फावर राहिली नसेल, सहा महिन्यांचा डोस चुकला असेल, तरी तेच होतं. पण नमुना तपासल्याशिवाय कळणार कसं?

लंपीचं बघा, गायीबैलांच्या अंगावर गाठी येतात तो रोग. २०२२ च्या साथीतली राज्यातली पहिली केस ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडली, तेव्हा गायींना शेळीच्या देवीची लस टोचली, लोक म्हणायचे शेळीचं औषध गायीला काय लागू होणार! पण लंपी, शेळीची देवी अन् मेंढीची देवी एकाच घरातल्या, इतक्या जवळच्या की एकीची लस दुसरीला चालते. आणि खुरकुतीत नाव एक असून ओ ची लस ए ला चालत नाही. आजोबा गुरांच्या बुळकांडीच्या साथीचं सांगायचे, दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्या. ती जगातून संपली, २०११ ला तसं जाहीर झालं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिच्या व्हायरसचा प्रकार एकच होता, एक लस सगळीकडे पुरली.

आमच्या त्या बैलाच्या जिभेची साल उकिरड्यावर गेली. तीच ग्लिसरीनच्या द्रावणात टाकून बर्फावर पाठवली असती तर प्रकार कळला असता, भुवनेश्वरला खुरकुतीचीच राष्ट्रीय संस्था आहे, तिथं हेच काम चालतं. साथ आली की तालुक्यातून दोन-तीन नमुने गेलेच पाहिजेत आणि रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागला पाहिजे. तुमच्या पेपरातही "खुरकुतीची साथ" एवढंच येतं, प्रकार कोणता तेही विचारून छापा ही कळकळीची विनंती.

दिवाळीनंतर इकडच्या बैलगाड्या ऊसतोडीला जातील, कुठली कुठली ढोरं एकाच तळावर बांधली जातील, त्याच्या आत हे व्हायला पाहिजे. काकांना रोज समजावतोय, गाभण गायीची लस अजून राहिलीय.

– एक पशुपालक, ता. चोपडा, जि. जळगाव