फिल्म वाचण्याआधी धंदा विचारा

महोदय,
मजुराच्या छातीच्या एक्स-रेत वरच्या भागात बारीक ठिपके दिसले, की टीबीचा शिक्का पटकन बसतो. सिलिकोसिसचे, म्हणजे सिलिका असलेल्या दगडी धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे, ठिपकेही आधी तिथेच येतात. त्यात सिलिकोसिसवाल्याला टीबी सहज गाठतो, म्हणून थुंकी तपासायचीच. पण कामाची चौकशीही हवी, आणि तीही नेमकी. ‘क्रशरवर होतो’ एवढ्याने भागत नाही. आपल्या खानदेशातला काळा दगड बेसॉल्ट, त्यात मुक्त सिलिका, म्हणजे हा आजार घडवणारा घटक, कमी. गारगोटी, म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिकाच, दळायला परमुलखात गेलेल्याची गोष्ट वेगळी.

वाचनात चूक होते ती बरीचशी फिल्ममुळेच. फिल्म फिकी निघाली तर नसलेले ठिपके भासतात, जास्त काळी झाली तर असलेले बुडतात. श्वास अर्धवट घेतला की खालचा भाग दाट दिसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पद्धतीत ठिपक्यांची दाटी ०/- ते ३/+ अशा १२ पायऱ्यांत, प्रमाणित फिल्म शेजारी ठेवून मोजतात. तरीही ०/१ (शंका असली तरी ‘नाही’) की १/० (शंका असली तरी ‘आहे’), यावर जाणकारांचेही एकमत होत नाही. म्हणून दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे.

जिनिंगमधल्या बायसिनोसिसला (कापसाच्या धुळीने होणाऱ्या श्वासाच्या आजाराला) तर एक्स-रे जवळजवळ निरुपयोगीच. तो बहुधा स्वच्छ येतो. तिथे साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी व पाळी संपल्यावर फुंकर-चाचणी (स्पायरोमेट्री, यंत्रात जोराने फुंकून श्वास मोजणे) करावी. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा घटली, तर ‘फिल्म नॉर्मल’ म्हणून कामगाराला परत पाठवू नये.

— एक वाचक, धुळे