आयटीआयवाला पोरगा व्यापार करारात कुठे बसतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशांशी व्यापार कराराची बातमी आली की आमच्याकडे सगळे आंबा आणि मासळीचं काय झालं एवढंच बघतात, हापूसला कुठे परवानगी मिळाली, कोळंबीवर किती ड्युटी लागली, आणि ते बघायलाच पाहिजे. पण कोकणातून बाहेर काय जातं म्हणाल तर आधी माणूस जातो. पूर्वी मुंबईला गिरणीत गेला, मग आखातात, बोटीवर. मनीऑर्डरवर चालणारी घरं आता बँकेच्या मेसेजवर चालतात. आणि माणसाच्या कामाचा हा जो व्यापार आहे त्याच्या वाटाघाटींबद्दल मराठीत धड वाचायलाच मिळत नाही, म्हणून हे पत्र.

माझं दापोली तालुक्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात एक बाबा मुलाचं आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन आले, एसी-रेफ्रिजरेशनचा ट्रेड, मुलगा पास झाला तेव्हा त्यांनी ते हौसेने लॅमिनेट करून घेतलेलं. कतारच्या नोकरीसाठी त्यावर शिक्के हवे होते, आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग वकिलातीचा, आणि प्लास्टिकवर शिक्का कोण मारणार? "ताई, निघंल काय ह्ये?" इस्त्री मंद ठेवून, वर सुती फडकं टाकून आम्ही दोघं एका कोपऱ्यापासून तासभर ते सोलत बसलो. कागद निघाला पण मुलाच्या नावातली दोन अक्षरं प्लास्टिकबरोबर गेली. डुप्लिकेट येईपर्यंत थांबायला एजंट तयार नव्हता, त्याने सर्टिफिकेट राहू दे म्हणून मुलाला हेल्परच्या व्हिसावर पाठवून दिलं. पोरगा तिथे एसीच दुरुस्त करतो, पगार मात्र हेल्परचा घेतो.

त्याच वाडीतला दुसरा मुलगा जीपी रेटिंग, म्हणजे खलाशाचा कोर्स, करून बोटीवर लागला. त्याची सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणी पुस्तक, आग विझवण्याचा कोर्स, समुद्रात जीव वाचवण्याचा कोर्स, हे सगळे कागद परदेशी कंपनीच्या बोटीवरसुद्धा चालतात, कारण खलाशांचं ट्रेनिंग कसं असावं याचा एसटीसीडब्ल्यू नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७८ मध्येच झाला आणि भारत त्यात आहे. म्हणजे कागदाला किंमत मिळवून देता येते, फक्त कुणीतरी टेबलावर बसून ती ठरवून घ्यावी लागते. एसीवाल्यासाठी तसं कुणी बसलंच नाही.

आता टेबलावरची गोष्ट. जागतिक व्यापार संघटनेचा सेवा व्यापाराचा करार, ज्याला गॅट्स म्हणतात, तो १९९५ पासून लागू आहे. त्यात सेवा देशाबाहेर जायचे चार मार्ग धरलेत. इंटरनेट-फोनवरून काम देणं, गिऱ्हाईक इकडे येणं जसे मालवणला परदेशी टुरिस्ट येतात, कंपनीने दुसऱ्या देशात शाखा काढणं, आणि चौथा म्हणजे माणसाने स्वतः तिकडे जाऊन काम करणं. श्रीमंत देशांना तिसरा हवा असतो, बँका, विमा, टेलिकॉम. म्हणून तर १९८६ मध्ये उरुग्वे फेरी, म्हणजे ज्या वाटाघाटींतून हा करार निघाला त्या, सुरू होताना भारत आणि ब्राझीलने सेवा हा विषय आणायलाच विरोध केला होता. आपल्यासारख्या देशांना हवा तो चौथा. पण संघटनेच्याच अंदाजानुसार २०१७ मध्ये जगातल्या एकूण सेवा व्यापारात शाखांचा वाटा जवळजवळ ६० टक्के आणि माणसांचा ३ टक्क्यांच्या आत. पैसा सहज जातो, माणूस दारात अडतो. आणि शाखांना एकदा दार उघडलं की बंद करणं सोपं नाही, दिलेलं वचन तीन वर्षांनंतरच मागे घेता येतं आणि तेसुद्धा ज्यांचं नुकसान होतं त्यांना भरपाई म्हणून दुसरं काहीतरी देऊन.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. या कराराला माणसांबद्दल एक परिशिष्ट जोडलेलं आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या देशात नोकरी शोधायला जाणाऱ्यांना हा करार लागू नाही. म्हणजे पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने आपला इंजिनीयर परदेशी गिऱ्हाईकाकडे चार महिने पाठवला तर तो सेवा व्यापार, आणि आमच्या वाडीतला मेकॅनिक तिकडच्या मालकाकडे नोकरीला लागला तर तो व्यापारच नाही, तो त्या देशाच्या मर्जीचा विषय! देशांनी चौथ्या मार्गावर जी वचनं दिलीत तीसुद्धा बहुतेक मॅनेजर, अधिकारी, कंपनीच्या आतल्या आत बदलून जाणारे यांच्यासाठीच आहेत. जहाज वाहतुकीवर वेगळी बोलणी चालली होती ती जून १९९६ मध्ये काही न ठरता थांबली. आपलं सरकार चौथ्या मार्गासाठी भांडतं हे खरं आहे, त्याबद्दल अभिमानच आहे, पण भांडताना डोळ्यासमोर आयटीवाला असतो.

ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये सही झालेला करारच बघा. त्याच्या जोडीला असं ठरलंय की भारतातल्या कंपनीने तात्पुरत्या पाठवलेल्या माणसाला काही वर्षं तिकडची सामाजिक सुरक्षेची (आपल्या पीएफसारखी) वर्गणी भरायला नको. चांगलंच झालं. पण तिकडच्या हॉस्पिटलने थेट घेतलेल्या आमच्या नर्सला त्यातलं काही नाही. त्याच करारात स्वयंपाकी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीताचे कलाकार मिळून वर्षाला १८०० जणांना जायची सोय आहे. हे वाचलं तेव्हा मी दुकानात खुर्चीवरून उठलेच, कारण स्वयंपाक्याचा आकडा जर करारात लिहून घेता येतो तर एसी मेकॅनिक, वेल्डर, नर्स यांचा का नाही? सर्टिफिकेट एकमेकांची मान्य करायची सोय तर गॅट्सच्या सातव्या कलमातच आहे. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केलाच ना, म्हणजे इच्छा असली की होतं.

आखाती देशांशी पुढची बोलणी होतील तेव्हा आमच्या खासदारांनी वाणिज्य मंत्रालयाला एवढं विचारावं की आपल्या मागण्यांच्या यादीत आयटीआयचे कुठले ट्रेड आहेत, आणि नसतील तर का नाहीत. कारण आमची निम्म्याहून जास्त पोरं तिकडेच जातात, निदान माझ्या दुकानात फॉर्म भरायला येणारी तरी.

आणि तुम्हाला विनंती अशी की कुठल्या करारात कुठल्या कामाचा माणूस धरलाय आणि कुठला नाही हे एकदा मराठीत, सोप्या भाषेत, अर्ध्या पानात छापा. मी ते कापून दुकानाच्या काचेवर लावीन, "सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका" असं लिहून चिकटवलंय त्याच्या बाजूलाच.

आपली नियमित वाचक,
दापोली, जि. रत्नागिरी