भाषेगणिक एक बटन पाहिजे, फिरतं बटन नको

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कॉम्प्युटरवर रोज दोन-तीन भाषा टाइप करणाऱ्यांची काय कसरत होते यावर पेपरात कुणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. माझं सांगलीत टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तहसीलचे अर्ज मराठीत, मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या पार्ट्यांची बिलं आणि मेल इंग्रजीत, आणि जतकडनं कुणी आलं की कधीमधी कन्नड पत्र, हे सगळं एकाच मशीनवर चालतं.

विंडोजमध्ये भाषा बदलायला विंडोजचं बटन आणि स्पेसबार दाबतात, हे बहुतेकांना माहितीय. दोनच भाषा असल्या तर चालून जातं, तिसरी आली की ते फिरतच राहतं, इंग्रजीवरनं मराठी, मराठीवरनं कन्नड, परत इंग्रजी, आणि आपण आत्ता कुठं आहोत हे दरवेळी खालच्या कोपऱ्यात बघायचं. समोर माणूस घडाघडा सांगतोय, गट नंबर, पत्ता, मधेच ईमेल, आणि ईमेलच्या रकान्यात देवनागरी उमटतंय. त्यात इनस्क्रिप्टवाल्यांची वेगळीच गंमत. हा लेआउट, म्हंजे कुठलं अक्षर कुठल्या बटनावर ती मांडणी, सरकारनं 1986 साली ठरवला आणि बहुतेक भारतीय लिप्यांना जागा त्याच ठेवल्या, म्हंजे मराठीचा क जिथं तिथंच कन्नडचा क. शिकायला एकदम सोपं, पण त्यामुळंच कन्नड चालू राहिलं तरी बोटांना पत्ता लागत नाही, स्क्रीनकडं बघितल्यावरच कळतं!

माझं म्हणणं एवढंच, फिरतं बटन सोडा आणि प्रत्येक भाषेला तिचं ठरलेलं बटन द्या. मराठीचं बटन कितीदाही दाबलं तरी मराठीच राहणार, मग कोपऱ्यात बघायची गरजच काय.

ही सोय विंडोजमध्येच आहे, फक्त ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंगमध्ये इनपुट लँग्वेज हॉट कीज म्हणून खोल कुठंतरी दडवून ठेवलीय. तिथं डावा ऑल्ट, शिफ्ट आणि 1 ला इंग्रजी, 2 ला मराठी असं लावता येतं. कंट्रोल-शिफ्टवाला पर्याय घेऊ नका, एक्सेलमध्ये तेच शॉर्टकट आकड्यांच्या फॉरमॅटला आहेत, बिलाची वाट लागेल. याच्या पुढं जायचं असेल तर ऑटोहॉटकी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट लिहायची, अमुक बटन दाबलं की समोरच्या विंडोला अमुक भाषेचा निरोप जाऊ दे. मराठीचा कोड 044ई, कन्नडचा 044बी, अमेरिकन इंग्रजीचा 0409. आणि खरी मजा पुढंच आहे, स्क्रिप्टला सांगून ठेवता येतं की एक्सेल समोर आलं की इंग्रजी लाव, वर्ड आलं की मराठी, मग बटनाचाही त्रास नाही.

लिनक्सवाल्यांना कीबोर्डचा लेआउट बदलायला सेटएक्सकेबीमॅप (setxkbmap) ही कमांड आहे. भाषेगणिक एका ओळीची स्क्रिप्ट करायची आणि डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये तिला बटन द्यायचं. एका वेळी चारच लेआउट बसतात ही तिथली मर्यादा, पण स्क्रिप्ट दरवेळी जुना काढून नवा लावत असल्यानं ती आडवी येत नाही. फक्त लॉगआउट केलं की सगळं पुसतं, म्हणून सुरुवातीला आपोआप चालेल असं ठेवावं लागतं. नवीन उबुंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) वेलँड ही स्क्रीनवर विंडो दाखवायची नवी यंत्रणा आलीय, तिथं मात्र ही कमांड नीट लागू पडत नाही, तिथं त्या डेस्कटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच करायचं.

आता तक्रार. टायपिंगच्या क्लासात मिनिटाला 30 शब्दांच्या स्पीडसाठी पोरांकडनं घासून घेतात, पण ही गोष्ट अर्ध्या तासात शिकवण्यासारखी असून कुणी शिकवत नाही. आणि सरकारी ऑफिसातली मशीन लॉक असतात, तिथला क्लार्क स्क्रिप्ट टाकणार कशी? निदान हॉट कीज तरी मशीन देतानाच लावून द्याव्यात, त्याला सॉफ्टवेअरही लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

कुणाला माझी स्क्रिप्ट पाहिजे असेल तर दुकानात या, पेनड्राइव्ह मात्र स्वतःचा आणा, आणि आधी व्हायरस काढून आणा.

आपला,
एक टायपिंगवाला वाचक, सांगली