हवालदार झालेल्या मुलास

चि. संदीप यास अनेक आशीर्वाद.

तिसरी फीत लागली, आता सेक्शन तुझं. कागदावर दहा जण. छुट्टी, कोर्स, लंगर म्हणजे स्वयंपाकघराचं काम वजा जाता तुला धरून सहाच उरतात. मनोबल बिघडतं ते बहुधा पहाऱ्याच्या पाळीवरून. रात्री सात ते पाच म्हणजे दोन-दोन तासांच्या पाच पाळ्या, जोड्या तीन. रोज पहिल्या जोडीपासून सुरुवात केलीस तर पहिल्या दोन जोड्या रोज दोनदा उभ्या राहतील, तिसरी एका पाळीत सुटेल. तोंडावर कुणी बोलणार नाही, पण आठवड्यात धुसफुस सुरू. काल जी जोडी शेवटी होती, तिच्या पुढच्या जोडीपासून आज सुरू कर. तीन रात्रींत हिशेब सारखा होतो. एक ते तीनची पाळी आली तर तीही निमूट कर.

पलटण मराठी, बोली एक, म्हणून एकी आपोआप येईल असं समजू नकोस. कोकणातले, घाटावरचे, बेळगावकडचे असे कंपू लंगरच्या रांगेतच पडतात. नव्याला जुन्यासोबत जोड, एका गावच्या दोघांना मात्र एकत्र देऊ नकोस.

गणपतीला कोकणातले छुट्टी मागणार, दिवाळीला सगळेच. गेल्या वर्षी कोण गेला ते वहीत ठेव आणि रोल कॉलला सगळ्यांसमोर वाच. परतलेल्या जवानावर पहिला आठवडा नजर ठेव. जमिनीचा वाद, कर्ज, घरचं आजारपण तो सोबत घेऊन येतो. जेवण तुटलं, घरी फोन टाळू लागला, तर त्याला एकट्याला पहाऱ्यावर पाठवू नकोस. त्याच दिवशी सुभेदार साहेबांच्या कानावर घाल.

एकाच्या चुकीची सजा सगळ्यांना देऊ नकोस. मग एकतर सगळे मिळून त्याला छळतात, नाहीतर पहाऱ्यावर झोपलेल्यालाही पाठीशी घालू लागतात. हे दुसरं जास्त घातक, कारण वरून ते एकीसारखंच दिसतं.

९ एप्रिल १९४५ला इटलीत सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी मशीनगनच्या माऱ्यात, सुरुंगपट्ट्यातून दोन जखमींना एकेक करून बाहेर काढलं, मग शत्रूच्या मशीनगन चौक्या मोडल्या. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे तेव्हाचं सर्वोच्च शौर्यपदक, रंगरूटांना पाठ असतो, जखमी उचलण्याचा सराव मात्र कंटाळत होतो. आठवड्यातून एकदा पूर्ण सामानासह दोनशे पावलं करून घे. ओझं म्हणून सगळ्यात जड जवान घे, कधी स्वतः हो. आणि जखमीची रायफल कोण उचलणार ते प्रत्येक जोडीत आधीच ठरव. गडबडीत ती हमखास मागे राहते.

तुझे,
आबा