डालडा आणि पार्मेझान

फैजपूर, रविवार

प्रिय मधू,

भो, तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. राग नव्हता. गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती, आणि तू मधेच हसतोस. शुगर ठीक, गुडघा आहे तसाच.

मुंबईला पिंकीच्या हॉटेलात जेवून आलो. हॉटेल म्हटलं की ती चिडते, रेस्टॉरंट म्हणायचं. लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात. वरच्या लोखंडी कैच्या तशाच ठेवल्यात, खाली संगमरवरी टेबलं, आणि उजेड इतका कमी की मेन्यू वाचायला मी मोबाइलची बॅटरी लावली. भाव वाचले आणि बंद केली.

मला रिसोट्टो आला. म्हणजे भातच, पण कणी राहिलेला. आपल्या खानावळीत असा वाढला असता तर रेल्वेच्या गार्डांनी ताट फेकून मारलं असतं. पिंकी एप्रनसकट बाहेर आली. म्हणाली, "पप्पा, तो तसाच हवा. कार्नारोली तांदूळ आहे, उत्तर इटलीतला. उकळता स्टॉक पळी-पळीनं घालत, हलवत सतरा-अठरा मिनिटं शिजवायचा. वरून मऊ, आत दाताला लागला पाहिजे." खाल्ला. चांगला होता, तिखट नव्हता एवढंच. वांग्याचे थर लावलेलं पार्मिजानाही आलं. पण वांगं तळलेलं रे! काड्यांवर भाजलेलं नाही, धुराचा वास नाही. बामणोदचं हिरवं वांगं ह्या लोकांनी बघितलंच नसावं. असो.

खरी गोष्ट पुढेच आहे. तुझ्या वहिनीनं माझ्या ताटात चमचा घातला आणि सहज विचारलं, "वरचं किसलेलं आपल्याला चालतं ना गं?" मला वाटलं, पोरगी मान हलवून मोकळी होईल. तर ती वाकून हळूच म्हणाली, "नाही आई. हे खरं पार्मेझान चीज आहे. दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, तो त्यांचा नियमच आहे. पार्मा-रेज्जोच्या भागातच करायचं, कमीत कमी 12 महिने मुरवायचं. आपल्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये मानांकन मिळालं ना, तसं यालाही आहे." वहिनीनं चमचा ठेवला, आपल्या ताटातलं खाल्लं. मी माझं संपवलं. माझं तू जाणतोसच, भुसावळला काय काय खाल्लंय आपण.

वहिनी तेव्हापासून खूश आहे, पोरगी खरं बोलली म्हणून. माझी झोप उडाली आहे. कारण मला तू आठवलास. रोज रात्री "घरचं तूप, घरचं तूप" करत गिऱ्हाइकाच्या बट्टीवर डालडा ओतणारा. आणि एवढं करूनही आपण बुडालोच! उधारी माझ्यामुळे झाली म्हणतोस, पण वही अजून माझ्याकडे आहे आणि अक्षर तुझं आहे.

पिंकीला स्वतःचं काढायचं आहे, नाशिकला. तिकडे वायनरींमुळे मुंबईची माणसं येतात, बारा टेबलं चालतील म्हणते. पैसे मागितले नाहीत. निघताना फक्त विचारलं, "पप्पा, नदीकाठचं शेत कोणाच्या नावावर आहे?"

आता सांग. केळीचं एका वादळात काय होतं ते तू बघितलं आहेस, म्हणजे शेत राखलं तरी छातीवर हात ठेवून झोपता येतं असं नाही. पण बाबांनी खणलेली विहीर आहे तिथे. दादा तर बोलणंच टाकेल. आणि जी पोरगी आईच्या तोंडाजवळचा घास थांबवते, ती भाडं, भट्टी, पगार अंगावर असताना गल्ल्यावर बसणार कशी? खोटं बोलल्याशिवाय हॉटेल चालतं का, हे तुझ्याशिवाय कोणाला विचारू? विचारलं म्हणून लगेच व्याख्यान देऊ नकोस.

सोनूचं जमलं ऐकलं, फार छान. तारीख कळव. धुळ्याच्या वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का?

तुझा साडू जमिनीच्या व्यवहारात आहे ना? ओलिताचा भाव काय चाललाय ते त्याला विचारून ठेव. माझं नाव सांगू नकोस.

तुझा,
वसंता