राइट यांची सही

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू कोलंबियाला गेल्यापासून अमेरिकेतल्या त्या साउथ कॅरोलायना राज्याविषयी हाताला लागेल ते वाचतोय. आईला वाटतं, मी तिथलं हवामान बघतो. त्यात एक न्यायमूर्ती भेटले, जोनाथन जॅस्पर राइट.

जन्म १८४०चा, पेन्सिल्व्हेनियातला. काळा माणूस म्हणून तिथे आधी वकिलीच्या परीक्षेलाच बसू देईनात. १८६६मध्ये सनद मिळाली. मग दक्षिणेत, तुझ्याच राज्यातल्या ब्युफर्टला, गुलामीतून सुटलेल्यांना कायद्याचा सल्ला द्यायला. १८६८ला राज्याची नवी घटना लिहिणाऱ्यांत ते होते, लगोलग सिनेटरही झाले. आणि फेब्रुवारी १८७०मध्ये विधिमंडळाने त्यांना थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडलं. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात त्या खुर्चीवर बसलेला हा पहिला काळा माणूस. न्यायाधीश तिघेच.

मी अडकलो ते १८७७पाशी. निवडणुकीनंतर राज्यात गव्हर्नर दोन, हॅम्प्टन आणि चेंबरलेन, दोघंही आपणच जिंकलो म्हणणारे. हॅम्प्टननी नॉरिस नावाच्या कैद्याला माफी दिली, तुरुंगवाला सोडेना. म्हणजे प्रश्न कैद्याचा नव्हताच, खरा गव्हर्नर कोण हा होता. मुख्य न्यायाधीश आजारी. २७ फेब्रुवारीला राइट यांनी तिसरे न्यायाधीश विलर्ड यांच्याबरोबर हॅम्प्टनच्या बाजूच्या आदेशावर सही केली आणि दोनच दिवसांत ती मागे घेतली.

मी इतकी वर्षं साहेबांपुढे कागद ठेवले. सही झाली की शाई वाळायच्या आत मी उचलायचो. एका साहेबांनी रात्री शिपाई पाठवून कागद परत मागवला होता. नक्कल निघाली नव्हती, म्हणून निभावलं. राइट यांचं नाही निभावलं. विलर्डनी आदेश अमलात आणला, नॉरिसची सुटका झाली.

एप्रिलमध्ये चेंबरलेनना आधार देणारं केंद्राचं सैन्य सरकारी इमारतीतून निघालं, चेंबरलेन गेले. मग राइट दारू पितात असा ठपका, महाभियोगाची तयारी. ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा लिहिला. पुढे चार्ल्स्टनला वकिली केली, पोरांना कायदा शिकवला, आणि १८८५मध्ये क्षयाने गेले. वय पंचेचाळीस.

लोक म्हणतात, घाबरला. मला तसं वाटत नाही. घाबरून सही करणारे मी पुष्कळ पाहिलेत, ते ती परत मागायला येत नाहीत.

आदेश बाहेर पडायच्या आत न्यायाधीशाला सही काढून घेता येते का, हे तुमच्या सरांना विचारून कळव. मेतकूट पाठवलंय, आई म्हणते डबा घट्ट लाव.

तुझे,
बाबा