बापू, सुनेची अंगठी घ्यायच्या आधी

जळगाव

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

केळीचे पैसे आले, आता होणाऱ्या सुनेला साखरपुड्यात हिऱ्याचीच अंगठी घालायची, दुकान सांग, असं म्हणालास. दुकानाचं मागून बघू. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

आपण खान्देशची माणसं सोनं घेतो ते अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून. सराफाकडे नेलं, काट्यावर ठेवलं, घट वजा केली की त्या दिवसाच्या भावाने पैसे हातात. हिऱ्याला असा रोजचा भाव नाही. आमच्या हिच्या कुड्या आठवतात ना? आईच्या ऑपरेशनच्या वेळी, जिथून घेतल्या त्याच दुकानात विकायला नेल्या. त्याने चिमट्याने खडे उपटले, सोनं तोललं आणि खडे एका चिटोऱ्यावर माझ्यापुढे सरकवले. "हे तुम्ही ठेवा भाऊ." पावतीवर नुसतं 'डायमंड टॉप्स'. वजन नाही, दर्जा नाही, परत घेण्याबद्दल चकार शब्द नाही. भांडणार कशाच्या जोरावर? ते खडे अजून कपाटात, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत पडून आहेत.

आमचा मेहुणा सुरतला घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसतो. त्याने मला महिधरपुऱ्यात, तिथल्या हिरेबाजारात फिरवलं. तिथे लोक रस्त्यावरच, स्कूटरच्या सीटवर पुड्या सोडून लाखोंचा माल बघतात. त्याने एक खडा पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवला, भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "रंग असा बघायचा. वरून बघाल तर चमक फसवते." पाच मिनिटांनी मला पिवळसर झाक दिसली. तोच खडा दुकानातल्या दिव्याखाली दुधासारखा पांढरा वाटला असता. म्हणून अंगठी हातात घेऊन दाराशी उजेडात जायचं, सावलीतही बघायची. दुकानदार नाही म्हणाला तर उठायचं.

रंगाची अक्षरं डी पासून झेडपर्यंत जातात, डी म्हणजे बिनरंगी. पण पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर आय किंवा जे चालतो, डीचे पैसे वाया. आतल्या डागांचंही तसंच. दहापट भिंगाखाली दिसणारा ठिपका सुनेच्या मैत्रिणींना दिसणार नाही; नुसत्या डोळ्याला स्वच्छ दिसला की झालं. हात आखडू नकोस तो कटमध्ये, म्हणजे पैलू पाडण्यात. गोल हिऱ्याला 57-58 पैलू असतात आणि त्यांचे कोन चुकले, हिरा फार खोल किंवा फार उथळ झाला, की उजेड खालून निसटतो. महागाचा खडा काचेसारखा मेलेला दिसतो.

वजनाचा घोळ आधीच मिटवतो, कारण तू '18 कॅरटचा हिरा' म्हणालास. ते 18 सोन्याच्या शुद्धतेचे. हिऱ्याचा एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्याचे 100 सेंट. पुरा कॅरट झाला की दर उडी मारतो, म्हणून 95 सेंटचा माग. कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा असतो. हा त्याहून जेमतेम एक दशांश मिलिमीटर कमी. व्याह्यांच्या बापालाही कळायचं नाही.

अंगठीवर हॉलमार्क आहे म्हणून निश्चिंत होऊ नकोस. तो सोन्याचा, हिऱ्याबद्दल तो मुका. हिऱ्याला प्रयोगशाळेचं वेगळं सर्टिफिकेट लागतं. त्याचा नंबर बऱ्याचदा हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, तो भिंगातून जुळवून घे. जमलं तर खडा सुटा बघ, मग बसवून घे. सोन्याच्या नख्यांखाली पुष्कळ काही लपतं.

लॅबचा, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला हिराही तुला दाखवतील. तो खोटा नव्हे, तोही कार्बनच. साध्या टेस्टर पेनाला खाणीतल्या हिऱ्यातला आणि त्याच्यातला फरक कळत नाही. त्याच पैशात मोठा येतो, पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत धडाधड पडलेत. मला विचारशील तर घ्यायला हरकत नाही, फक्त सुनेला सांगून घे आणि पावतीवर तसं लिहून घे. पावतीत सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन, मजुरी वेगवेगळी पाहिजे. परत घेताना हिऱ्याचे किती टक्के देणार, हेही शाईने. तोंडी "आपलंच दुकान आहे" ऐकून घरी येऊ नकोस, मी आलो होतो.

आणि हिरा घणाखाली फुटत नाही, हे कीर्तनात ठीक. दुसऱ्या हिऱ्याशिवाय सहसा ओरखडा पडत नाही हे खरं, पण वर्मी ठोका बसला तर तुकडे होतात. खलबत्त्याजवळ अंगठी काढून ठेवायची, एवढं सुनेच्या कानावर घाल.

मंगळवारी ये. वांगी आणून ठेवतो, भरीत खाऊ आणि मग बाजारात जाऊ. येताना पोरीला नीट बसणारी एखादी अंगठी व्याह्यांकडून मागवून घे. दोऱ्याचं माप नको, तुझ्या लग्नातली अंगठी तू साबण लावून काढली होतीस.

तुझा,
अशोक